चेहऱ्यामागचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक कृष्णधवल फोटो बरीच वर्षं लावलेला होता. भामरागड तालुक्यातल्या एका माडिया आजीचा. १९९४ सालच्या डिसेंबरात मी तो काढला. तेव्हा मी चंद्रपूरला चित्रकलेचा शिक्षक होतो आणि सुट्टी लागली की कॅमेरा घेऊन गडचिरोलीच्या जंगलात जायचं, हा माझा छंद होता. नागपुरातून जुनी, ८५ मिलिमीटरची एक लेन्स नुकतीच घेतली होती. सकाळचं ऊन, ओट्यावर बसलेली आजी, कपाळावरचं गोंदण, गळ्यातल्या मण्यांच्या माळा. डोळ्यांच्या कडेची एकेक सुरकुती मोजून घ्यावी, इतका तो चेहरा स्पष्ट आला होता. आणि मागे काय? मागे फक्त उजेडाचे मऊ ठिपके.

एका प्रदर्शनात त्या फोटोचं फार कौतुक झालं. पार्श्वभूमी कशी लोण्यासारखी आली आहे, असं एकानं म्हटलं. मला आनंद झाला. एक प्रत मी त्या घरी पाठवून दिली.

पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, आजीचा नातू माझ्या दारात उभा राहिला. आश्रमशाळेत शिकलेला, विशीतला मुलगा. आजी दोन पावसाळ्यांपूर्वी गेली, असं त्यानं सांगितलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो फोटो काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, आजी त बराबर दिसते. पन मागं आमचं घर होतं, ते कुठी गेलं जी?"

त्याचा प्रश्न भाबडा नव्हता. गावात वनहक्काच्या दाव्यांचे कागद गोळा करणं सुरू होतं. आपलं घर, आपली शेती तिथं आधीपासून आहे, हे दाखवायचं होतं. गुरुजींनी त्या वेळी फोटो काढले होते, हे त्याला आठवलं. एवढा प्रवास करून तो त्यासाठी आला होता. मी निगेटिव्हच्या फायली काढल्या. त्या गावात मी दोन रोल वापरले होते. चेहरे, हात, पायातले वाळे, मण्यांच्या माळा. घर एकाही चौकटीत नव्हतं. होतं, पण मीच ते पुसून टाकलं होतं.

हे पुसणं कसं होतं, ते आधी सांगतो. कॅमेऱ्याची लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमकी जुळते. त्या अंतराच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे जे असतं, तेही आपल्या डोळ्यांना स्पष्ट वाटतं. या पट्ट्याला फोटोग्राफर डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हा पट्टा अरुंद की रुंद, हे तीन गोष्टींवर ठरतं. लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर, किती उघडं आहे. लेन्स किती लांबची आहे. आणि समोरचा माणूस किती जवळ आहे. दूरची पाटी नीट दिसेना की आपण डोळे बारीक करतो. अॅपर्चर लहान केलं की कॅमेऱ्यातही काहीसं तसंच होतं.

माझ्याच फोटोचा हिशोब सांगतो. ८५ मिलिमीटरची लेन्स, एफ १.८ इतकं मोठं अॅपर्चर आणि आजी दोन मीटरवर. अशा वेळी स्पष्टतेचा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर असतो. डोळ्यांवर फोकस केला, तर कानाशीच चित्र विरघळायला लागतं. कानामागच्या घराची काय कथा! आता त्याच जागी २८ मिलिमीटरची लेन्स लावली असती आणि अॅपर्चर एफ १६ इतकं बारीक केलं असतं, तर साधारण नव्वद सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट आलं असतं. आजी, ओटा, घर, मागची डोंगराची रांग. कॅमेरा तोच, ऊन तेच. फक्त माझी इच्छा वेगळी हवी होती.

ही इच्छा माझ्यात कुठून आली? तिचा इतिहास शोधत गेलो, तेव्हा तो फोटोग्राफीच्या जन्माइतकाच जुना निघाला.

१८४० मध्ये व्हिएन्नाच्या योसेफ पेट्झवाल या गणितज्ञानं माणसांच्या फोटोंसाठी एक लेन्स तयार केली. त्याआधी माणसाला उन्हात कितीतरी वेळ न हलता बसावं लागे. पेट्झवालच्या लेन्सचं भोक मोठं होतं, त्यामुळे तो वेळ खूप कमी झाला. त्याबरोबर मधला चेहरा स्पष्ट आणि कडा धूसर, असंही होऊ लागलं. सुरुवातीला ती अडचण होती. पुढे कोणीतरी तिलाच सौंदर्य मानलं. अशा मंडळींत ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई ठळक आहे. तिचा जन्म १८१५ सालचा, आपल्या कलकत्त्यातला. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये असताना, तिच्या हाती कॅमेरा आला. तिच्या धूसर चेहऱ्यांवर त्या काळच्या जाणकारांनी टीका केली, पण तिनं आपली पद्धत सोडली नाही. १८८९ मध्ये पी. एच. इमर्सन यानं मत मांडलं, की माणसाचा डोळा सगळं सारखंच स्पष्ट पाहत नाही, मग फोटोनं तरी का पाहावं? त्याला उत्तर देणारेही निघाले. १९३२ मध्ये अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या मित्रांनी एक गट स्थापन केला आणि लेन्सच्या अत्यंत बारीक भोकाचा आकडाच त्याला नाव म्हणून दिला: एफ ६४. पायाजवळच्या खड्यापासून दूरच्या शिखरापर्यंत सगळं लख्ख दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

म्हणजे हे भांडण जुनंच. पण आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. इंग्रजांबरोबर आपलेही लोक तिच्यात होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक नावाजलेले फोटोग्राफर. याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज फोटोग्राफर होता. मुंबईतल्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो असलेलं त्याचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत निघालं. त्या फोटोंची गंमत अशी, की माणसांचे फोटो वेगळे काढलेले आणि मागची दृश्यं वेगळी. दोन्ही एकमेकांना जोडून एक चित्र केलेलं. माणूस खरा, जागा खरी, पण तो माणूस त्या जागी कधी उभा राहिला असेलच, याची खात्री नाही. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. चारशेहून अधिक फोटो. त्यांत कितीतरी माणसं नुसत्या जमातीच्या नावानं उभी आहेत. ती कोण, कोणाची, कुठल्या घरातली, हे पाहणाऱ्याला कळायची सोय नाही.

माणूस त्याच्या जागेपासून सोडवून घ्यायचा, ही सवय आपल्याकडे अशी लागली. कधी मागे पडदा लावून, कधी दुसरं चित्र चिकटवून. माझ्या लेन्सनं तेच काम विनासायास केलं.

आणि त्याच काळात आपल्याच चांद्याच्या मुलखात याच्या नेमकी उलट पद्धतही चालू होती. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ या वर्षांत मध्य प्रांताच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या अहवालात भांदक आहे, चांदा आहे आणि वैनगंगेच्या काठचं मार्कंडाही आहे. पुरातत्त्व खात्याच्या कामात तेव्हा कॅमेरा आलेला होता. कनिंगहॅम यांचे सहायक जे. डी. बेगलर कॅमेरा घेऊन प्राचीन अवशेष टिपत फिरत. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या जड पट्ट्या. एवढ्या मोठ्या काचेवर स्पष्टतेचा पट्टा मुळात फारच अरुंद पडतो. म्हणून भोक अगदी बारीक करायचं आणि काच कितीतरी सेकंद उघडी ठेवायची. हे कष्ट कशासाठी? तर शिखराचा प्रत्येक थर, भिंतीवरची प्रत्येक मूर्ती, पायाशी पडलेला प्रत्येक दगड नोंदला जावा म्हणून. तो फोटो पुढे कोणाच्या कामी येईल, हे काढणाऱ्याला माहीत नसे. म्हणून तो काहीच वगळत नसे.

मला नेहमी वाटतं, देवळाच्या दगडाला जो मान मिळाला, तो शेजारच्या गावातल्या माणसाच्या घराला मिळाला नाही. देवळाचा फोटो नोंद म्हणून निघाला. माणसाचा निघाला तो नमुना म्हणून, आणि नंतर आमच्यासारख्या हौशी लोकांच्या हातून कलाकृती म्हणून.

तुम्ही म्हणाल, माणसांचं ठीक, वाघाचं काय? चंद्रपूर म्हटलं की लोकांना ताडोबा आठवतं. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. आज तिथं तोफेसारख्या लेन्स घेऊन लोक येतात. ६०० मिलिमीटरची लेन्स, एफ ४ अॅपर्चर आणि वीस मीटरवर वाघ, असं धरलं तर स्पष्टतेचा पट्टा फक्त सत्तावीस सेंटिमीटरचा. वाघाचं तोंड स्पष्ट, शेपूट धूसर, आणि मागचं जंगल म्हणजे हिरवा-पिवळा रंग.

फोटो देखणाच असतो, मीही असे काढले आहेत. पण त्या हिरव्या-पिवळ्या रंगात काय काय बुडालं आहे, ते चंद्रपूरच्या माणसाला माहीत आहे. रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब. चांद्याच्या राजाला निरोप पोहोचवण्यासाठी त्यांवरून दोर नेलेला असे, असं सांगतात. समोर रांगेत थांबलेल्या जिप्सी. जंगलातून उठून बाहेर गेलेली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं आणि त्यांच्या जुन्या बांध्या, ज्यांवर आता गवत वाढलं आहे आणि चितळं चरतात. वाघ ज्या कुरणात उभा आहे, ते कोणाचं तरी शेत असू शकतं. मोहर्लीच्या रस्त्यानं जाताना कोळसा खाणींचे ढिगारे लागतात, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्या फोटोत सहसा येत नाहीत. मग पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं, वाघ कुठल्या तरी निर्मनुष्य, अथांग अरण्यात राहतो. शेतात राबणाऱ्या बाईवर वाघानं हल्ला केल्याची बातमी वाचली, की तो विचारतो, ती तिथं गेलीच कशाला? त्याला कोण सांगणार, की ती तिथंच होती, फक्त फोकसच्या बाहेर!

याच जंगलात आणखी एक कॅमेरा आहे, झाडाला बांधलेला. त्याला कलेचं काही देणंघेणं नाही. वाघांची मोजणी त्याच्यावर चालते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. आणि डाव्या कुशीचे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. इथं मानेपासून शेपटीपर्यंतचा पट्टा नीट दिसावा लागतो. अर्धा वाघ धूसर असेल, तर तो कोणता वाघ, हे ठरवता येत नाही. जिथं ओळख पटवायची असते, तिथं धूसरपणा परवडत नाही, ही साधी गोष्ट तो झाडाला बांधलेला कॅमेरा सांगतो.

आता पुन्हा त्या नातवाकडे येतो. त्याला कोणती ओळख पटवायची होती?

२००६ चा वनहक्क कायदा आपण ऐकून आहोत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या, कसणाऱ्या आदिवासींचे हक्क तो मान्य करतो. पुरावे कोणते चालतील, याची यादी २००८ पासून लागू झालेल्या नियमांत आहे. सरकारी कागद, नकाशे आहेतच. पण त्याबरोबर घर, झोपडी, शेताचं सपाटीकरण, बांध यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आहेत. विहीर, दफनभूमी, देवस्थान या पुरातन खुणा आहेत. वंशावळ आहे. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. एकाहून अधिक पुरावे पाहायचे असतात. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे.

ती यादी मी त्या दिवशी नातवाच्या हातातल्या कागदावर प्रथम वाचली आणि चपापलो. घर, बांध, विहीर, दफनभूमी. आम्ही फोटोग्राफर ज्याला पार्श्वभूमी म्हणून धूसर करतो, त्याचीच ती यादी होती! कायद्यानं विचारलं होतं ते चेहऱ्यामागचं. माझ्याकडे होता नुसता चेहरा.

मग मला आमच्या सहलीतल्या एका गुरुजींची आठवण झाली. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. आमच्या पिढीला हा कॅमेरा आठवत असेल. काळा डबा, फोकसची भानगड नाही, समोर धरायचा आणि खटका दाबायचा. आम्ही त्यांची थट्टा करायचो. अशा साध्या कॅमेऱ्याचं भोक मुळातच लहान असतं आणि काही पावलांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येईल, अशी त्याची रचना असते. गुरुजींनी निघताना आम्हा सगळ्यांना गावच्या पोरांबरोबर उभं करून एक फोटो काढला होता. त्यांच्या मुलानं जुन्या ट्रंकेतून तो शोधून दिला.

आमचे चेहरे त्यात तिळाएवढे आहेत. पण मागे आजीचं अख्खं घर उभं आहे. कुडाच्या भिंती, सांदवाडीचं कुंपण, त्यापलीकडे धानाची बांधी आणि तिचा धुरा, एक मोठा मोह, आणि अगदी उजव्या कडेला दोन उभे दगड. माडिया लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ असे दगड उभे करतात.

तो फोटो मोठा करून मी स्वतः गावात घेऊन गेलो. चार म्हातारी माणसं गोळा झाली. आमच्या चेहऱ्यांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. एकानं धुऱ्यावर बोट ठेवून तो कोणी कोणी घातला, त्यांची नावं सांगितली. दुसऱ्यानं एका दगडावर बोट ठेवलं आणि हा माझ्या काकाचा, असं सांगितलं. कोण कधी गेलं, कोणत्या सालच्या पुराआधी, कोणत्या लग्नानंतर, असं बोलणं दुपारभर चाललं. नातू लिहून घेत होता. त्यातून त्या वडीलधाऱ्यांचे जबाब तयार झाले. फोटोनं दावा सिद्ध केला, असं मी म्हणणार नाही. नियमांच्या यादीत फोटोचं वेगळं नावही नाही. खरा पुरावा त्या माणसांचं बोलणं आणि जागेवरच्या खुणा हाच. फोटोनं ते बोलणं सुरू करून दिलं, इतकंच. पण माझ्या बक्षीसपात्र फोटोला तेवढंही जमलं नव्हतं.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की धूसर पार्श्वभूमी वाईट. आजीच्या मुलीनं तोच फोटो छातीशी धरला होता, हेही मी पाहिलं आहे. चेहरा जवळून पाहावासा वाटणं ही मायाच आहे. लग्नाच्या गर्दीत नवरीचे डोळे टिपायचे, तर मागचा गोंधळ विरघळलेलाच बरा. जपान्यांनी या धूसरपणाला बोके असं नाव दिलं. १९९७ च्या सुमारास ते इंग्रजीतून जगभर गेलं आणि आज शाळकरी मुलंही तो शब्द वापरतात. पुढे तर फोनच मागचं धूसर करून देऊ लागले. तिथं लेन्सही लागत नाही. माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं, याचा अंदाज फोन करतो आणि उरलेलं हिशोबानं पुसतो. पूर्वी त्यासाठी निदान महागडी लेन्स घ्यावी लागे. आता ते आपण न ठरवताही होऊन जातं.

म्हणून एकच विनंती आहे. आपल्या माणसांचे फोटो काढाल, तेव्हा दोन काढा. एक चेहऱ्याचा, हवा तेवढा मऊ. आणि दुसरा चार पावलं मागे सरकून, सगळं स्पष्ट ठेवून. दार, अंगण, विहीर, झाड, शेजाऱ्याची भिंत येऊ द्या. वायर लोंबकळत असेल तर तीही येऊ द्या. आणि मागे नाव, गाव, तारीख लिहा. आज तो फोटो नीरस वाटेल. तो कोणाच्या आणि कशाच्या कामी येईल, हे आज आपल्याला सांगता येत नाही.

मी त्या दिवशी गावातून निघताना असाच एक फोटो काढला. २८ मिलिमीटरची लेन्स, एफ १६. पुढे नातू आणि त्याची आई उभी आहेत. मागे घर, बांधी, मोह. आणि कडेला आता तीन दगड आहेत. तिसरा आजीचा.

आमच्या बैठकीत हल्ली दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावलेले आहेत.